आकसणीचं माप

उद्यमनगरात मी लाकडाचे पॅटर्न करतो.
लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच थोडं मोठं ठेवायचं.
त्यासाठी आमची पट्टीच खोटी असते:
तिच्यावरचा फूट
बाजारातल्या फुटापेक्षा एक सूत जास्त.

ती पट्टी बॅगेत घालून मी गेलो
नेकार नदीकाठच्या एका फाउंड्रीत,
मार्च ते सप्टेंबर.
दर महिन्याच्या पगारपत्रात एक आकडा वजा.
तुर्की फोरमन म्हणाला,
ते तुला बारा महिन्यांचा माणूस धरतात.
म्हणजे साचा बारा महिन्यांचा,
ओतीव सातच.

शाहूपुरीत, बेअरिंगच्या दुकानावर,
मगदूम मॅडमचं ऑफिस. जिन्यात ग्रीसचा वास.
त्यांनी अर्ज उघडला.
नाव: सुतार, बाळासो.
तिथं मला बाळासो कुणी म्हटलं नाही,
हेर सुतार म्हणायचे,
आणि दरवेळी वाटायचं, वडील मागं उभे आहेत.

तिकडे किती रात्री झोपलात?
शिक्के, भाड्याच्या पावत्या, बसचा पास,
सगळं टेबलावर मांडून मोजलं. दोनशे नऊ.
त्यातल्या मेमधल्या सहा वजा,
मेहुणीच्या लग्नाला आलो होतो,
पंगतीत भांडण झालं, तसाच विमानात बसलो.
परत गेलो तर माझ्या रंध्याला
कुणीतरी धार लावून ठेवलेली.

मला लाज वाटत होती, खोटं का सांगू.
मार्चात पहाटे शिफ्टला निघायचो
तेव्हा वाटेवरचा बर्फ कुणीतरी आधीच सारलेला असायचा.
ग्रंथालयात खिडकीशी एक उबदार बाक,
फुकट.
त्यावर बसून घरी फोन लावायचा,
पोरगी तेराचा पाढा म्हणायची, सातावर अडायची.
त्या बाकाचे पैसे आता परत मागायचे?
“दिलेलं नाही ते,” मॅडम म्हणाल्या,
“कापलेलं आहे.
दिलेलं वेगळं.”

मग एका रकान्याशी त्या थांबल्या.
“हे काय? चर्चचा कर?”
आठवलं. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईनं धर्म विचारला होता.
माझं जर्मन तेव्हा चार दिवसांचं.
मी म्हणालो, देव आहे.
तिनं कुठंतरी खूण केली.
“एकशे शहाऐंशी युरो! चुकून कापलेत.
हे तर मागायचेच.”

आई शेंगा फोडत बसली होती, तिला सांगितलं.
“देवाच्या दारात टाकल्यालं
माघारी उचलत न्हाईत.”
आई, देव त्यांचा आहे.
“दार तर हाय न्हवं?”

खोलीच्या मागंच होतं ते चर्च.
सहाची घंटा.
पहिल्याच सकाळी कानाला कळलं,
हिच्या ओतीवात कडेला कुठंतरी हवा राहिलीय,
ठोक्याच्या शेवटाला जरा घोगरी होते.
आमच्या इथं असली तर इन्स्पेक्टरनं परत पाठवली असती.
तिथं ती किती वर्षं टांगलेली, देव जाणे,
आणि सात महिने मी तिच्याच घोगऱ्या आवाजानं उठलो.

तेवढा रकाना कोरा ठेवला.
मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.
“तुमची मर्जी.”

नऊ महिने गेले.
“आलं व्हय रं पैसं?” भट्टीवरच्या शिवगोंडानं विचारलं.
आलं.
मधल्या बँकेनं दोन सूत खाल्लं,
ते मी धरलंच होतं.
पोरीची फी, स्कूटरचे राहिलेले हप्ते,
आईचा चष्मा. संपलं.

आज पंपाच्या केसिंगचा पॅटर्न घेतलाय.
पोरगी शाळेची पट्टी घेऊन आली,
माझ्या पट्टीला लावून बघितली,
म्हणाली, बाबा, तुमची चुकलीय.

म्हटलं, चुकलेली नाही.
थांब,
थंड झाल्यावर बघ.